जुन्या स्कूटरला नवा ब्रेक

दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांतील जुन्या मराठी घरांत जिन्याखाली किंवा ओसरीच्या कडेला एखादी स्कूटर अजूनही आढळते. कुणाची बजाज १५०, कुणाची चेतक, क्वचित एखाद्या घरी लांब्रेटा. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळालेली ही वस्तू त्या काळी घरात सुनेसारखी ओवाळून घेतली गेली होती. म्हणूनच ती विकवत नाही आणि नुसती पडूही देववत नाही. अलीकडे मात्र अशा कित्येक स्कूटरी धूळ झटकून पुन्हा रस्त्यावर येऊ लागल्या आहेत. आजोबांच्या चेतकवरून नातू कॉलेजात जातो, आणि वडीलधाऱ्यांना त्याचे कौतुकही वाटते. रंग झाला, इंजिन मोकळे झाले, आसनाला नवे कव्हर चढले, की मग तो नातूच एक दिवस विचारतो, “आजोबा, हिला पुढे डिस्क ब्रेक बसवून घेऊ या का?”

प्रश्न दिसतो तितका लहान नाही. एका पारड्यात घरची ठेव आहे आणि दुसऱ्या पारड्यात तिच्यावर बसणाऱ्या मुलाचा जीव. दोन्हींचा मान राखून उत्तर द्यावयाचे तर उत्साह बाजूस ठेवून थोडे यंत्राकडे पाहिले पाहिजे. ज्या नगरीत १८८६ साली गायनशाळा निघाली आणि १८९० साली यंत्रविद्या शिकविणारे कलाभवन उभे राहिले, तेथे एका संगीतशिक्षकाने ब्रेकविषयी चार शब्द लिहिले तर वाचक त्यास परका विषय म्हणणार नाहीत, अशी आशा आहे.

पुढच्या चाकाचे महत्त्व

आपल्याकडे स्कूटर शिकविताना एक उपदेश हटकून केला जाई : “पुढचा ब्रेक धरू नकोस, उलटशील.” त्यामुळे दोन पिढ्या केवळ पायाच्या ब्रेकवर चालत आल्या. वस्तुतः गाडी थांबू लागते तेव्हा तिचा भार पुढे झुकतो. पुढचे चाक जमिनीवर दाबले जाते आणि मागचे हलके होते. जे चाक हलके झाले त्याला जमीन धरता येत नाही, ते घसरते. उभ्या स्कूटरचा निम्म्याहून कमी भार पुढच्या चाकावर असला, तरी जोराने थांबताना तो साठ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून थांबविण्याचे मुख्य काम पुढच्याच ब्रेकचे आहे, आणि जुन्या स्कूटरीत नेमका तोच दुबळा असतो.

हा दुबळेपणा किती महागात पडतो ते आकड्यांनी पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदाला ताशी सुमारे १४ किलोमीटरने वेग उतरवू शकत असेल, तर ब्रेक धरल्यावर ती २४ मीटर जाऊन थांबेल. तोच वेग दर सेकंदाला ताशी सुमारे २२ किलोमीटरने उतरला, तर १६ मीटर पुरतात. शिवाय धोका डोळ्यांना दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, की १४ मीटर अंतर दोन्ही वेळी आधीच सरलेले असते. बाकी राहिला तो आठ मीटरांचा फरक, म्हणजे उभ्या केलेल्या दोन मोटारींची लांबी. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही आठ मीटर म्हणजे सर्वस्व होय.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. गाडीची गतिशक्ती वेगाच्या वर्गाने वाढते. ५० वरून ६० वर गेलो, तर वेग वीस टक्क्यांनी वाढतो आणि ब्रेकला पचवावी लागणारी शक्ती चव्वेचाळीस टक्क्यांनी. ज्या काळात या स्कूटरी घडल्या त्या काळी रस्त्यावर सायकली, टांगे आणि मोजक्या मोटारी होत्या. आज पुढे चालणारी मोटार चारही चाकांच्या चांगल्या ब्रेकने जागच्या जागी उभी राहते, आणि तिच्या मागे आपली पन्नास वर्षांपूर्वीची चेतक असते.

ड्रम आणि चकती

ड्रम ब्रेकची रचना बंद डब्यासारखी आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याच्या आत अर्धवर्तुळाकार दोन शू असतात, त्यांवर लायनरची पट्टी चिकटविलेली असते. हाताच्या दांडीने तार ओढली की आतला कॅम वळतो, शू फाकतात आणि डब्याच्या आतल्या अंगास घासतात. रचना स्वस्त, साधी आणि टिकाऊ. तिचे वैगुण्य असे, की घर्षणाची उष्णता आतच कोंडते आणि पाणी शिरले तर तेही आतच राहते. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा पाण्यातून गाडी काढलेल्यांना पुढच्या चौकात ब्रेक लागेना, याचे कारण हेच.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक उघडी पोलादी चकती फिरते आणि कॅलिपर नावाची चिमट्यासारखी पकड तिला दोन्ही बाजूंनी दाबते. चकती वाऱ्यावर असल्याने लवकर निवते. पाणी फिरण्यानेच उडते, उरलेले पॅड पुसून काढतात.

ही कल्पना नवी मुळीच नाही. इंग्लंडमध्ये लँचेस्टरने १९०२ साली तिचे पेटंट घेतले, आणि १९५३ मध्ये ल माँच्या शर्यतीत जॅग्वार मोटारीने डिस्क ब्रेकच्या बळावर बाजी मारली तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. स्कूटरीत हा मान इटलीच्या लांब्रेटाचा. १९६२ साली निघालेल्या तिच्या टीव्ही १७५ या मॉडेलला पुढच्या चाकात तारेने चालणारा डिस्क ब्रेक होता, तोही हबच्या आत झाकलेला. होंडाची सुप्रसिद्ध सीबी ७५० मोटारसायकल हायड्रॉलिक डिस्क घेऊन आली ती त्यानंतर सात वर्षांनी, १९६९ मध्ये. तेव्हा जुन्या स्कूटरला डिस्क म्हणजे नऊवारीवर बूट, असे जे कोणी म्हणतात त्यांनी हा इतिहास पाहावा.

आपल्याकडे मात्र ड्रमच राहिला. बजाजने १९६० च्या सुमारास व्हेस्पाच्या परवान्यावर स्कूटर बांधण्यास आरंभ केला. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून चेतक आली. पुढे तीन दशकांहून अधिक काळ ती निघाली, पण पुढच्या चाकातला ड्रम सुटला नाही. तिकडे इटलीत मूळ व्हेस्पाच्या घराण्यातील पीएक्सला १९९८ मध्ये पुढे हायड्रॉलिक डिस्क मिळाला. कानपूरच्या एल.एम.एल. कारखान्याने परदेशी पाठविलेल्या काही स्कूटरींनाही तो होता. तो कारखाना आता बंद पडला असला, तरी आज आपल्या चेतकला डिस्क देऊ पाहणाऱ्याची वाट याच दोन नात्यांतून जाते.

आहे तो ब्रेक आधी पुरा करा

डिस्कच्या दुकानाकडे वळण्यापूर्वी एक काम करावे. असलेला ड्रम ब्रेक एकदा नीट करून पाहावा. पुष्कळांनी आपल्या स्कूटरचा पुढचा ब्रेक चांगल्या स्थितीत कधी अनुभवलेलाच नसतो. तंबोरा उतरलेला असताना त्याला बेसूर म्हणण्यासारखेच ते आहे.

तार प्रथम बदलावी. जुन्या तारेचे बाह्य कवच आतून मऊ पडते, आणि आपण दांडी दाबतो तेव्हा निम्मा जोर ते कवच आवळण्यातच जातो. नंतर ड्रम लेथवर तपासून घ्यावा. तो लांबट झाला असेल तर ब्रेक धरताना दांडी बोटांखाली धडधडते. लायनर नवे घातल्यावर त्याची गोलाई ड्रमशी जुळली पाहिजे, नाहीतर पट्टी केवळ मध्यावर टेकते आणि कडा रिकाम्या राहतात. कॅमच्या खुंटीला किंचित ग्रीस हवे, पण लायनरला त्याचा स्पर्श होता कामा नये. आणि एक बारीक गोष्ट, जिच्याकडे घाईतला मिस्त्री दुर्लक्ष करतो : ब्रेक लागतो त्या क्षणी तार आणि कॅमची दांडी यांमध्ये सुमारे काटकोन असावा. दांडी काटकोनापुढे गेली, की आपण कितीही जोर लावला तरी तो वाया जातो.

येथे एक सावधगिरीची सूचना. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. आतली भुकटी फुंकून किंवा हवेच्या पंपाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

ब्रेकचे निदान कानानेही होते. ब्रेक किंचाळतो ते सारंगीच्या गजाच्याच न्यायाने. गज तारेला धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, आणि त्या धरसोडीतून नाद निघतो. लायनर चकचकीत होऊन गुळगुळीत झाले, भुकटी साचली किंवा काही ढिले राहिले, की ब्रेकमध्येही तीच धरसोड होते. करकरीत खरडल्याचा आवाज आला तर लायनर संपून धातू धातूला लागला आहे, गाडी तेथेच उभी करावी. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा असा तालात आवाज आला तर ड्रम किंवा चकती वाकडी आहे.

इतके केल्यावर शहरातल्या शहरात, चाळीसच्या आत, एकट्याने फिरणाऱ्याला बहुधा आढळून येईल की ब्रेक पुरेसा आहे. उणीव भासते ती मागे माणूस बसलेले असता, पुलाच्या उतारावर पुन्हापुन्हा ब्रेक धरताना, आणि पावसात.

डिस्कचे मार्ग

उणीव भासते असे ठरले, तर पुढे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग पूर्ण फोर्क बदलण्याचा. पीएक्स किंवा एल.एम.एल.चा डिस्कसह आलेला फोर्क, त्याचाच हब, त्याचाच कॅलिपर, आणि हँडलवर त्याचाच मास्टर सिलिंडर. सगळे भाग एकमेकांसाठी घडलेले असल्याने हा मार्ग सर्वांत निर्धोक. अडचण ही, की मोजमापे मिळाली पाहिजेत. व्हेस्पाच्या घराण्यात पुढचा आस १६ मि.मी. जाडीचा आहे आणि २० मि.मी.चाही. फोर्कच्या नळीची उंची, बेअरिंगच्या वाट्या, स्टिअरिंगचे कुलूप, मडगार्ड आणि वेगमापकाची तार, हे सर्व आपल्या गाडीशी ताडून पाहावे. बजाज १५० ची चाके आठ इंची, चेतकची दहा इंची. म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणींचे अंगरखेही एकमेकींना होत नाहीत. शिवाय मास्टर सिलिंडरला जागा देण्यासाठी हँडलचा जुना गोल मुखवटा बदलावा लागतो, आणि गाडीचा चेहरा पालटतो.

चेहरा राखू पाहणाऱ्यांसाठी दुसरा मार्ग आहे. जुनी दांडी आणि जुनी तार तशीच ठेवावयाची. तार एका लहानशा सिलिंडरला ओढते, तो आत दृष्टीआड बसविलेला असतो, आणि तेथून पुढे तेलाची नळी कॅलिपरकडे जाते. युरोपातील जुन्या स्कूटरींचे सामान विकणारे असे संच विकतात. बाहेरून काही कळत नाही आणि जोर बराच वाढतो. मात्र तारेचे सारे दोष यातही राहतात. तेलाची पातळी सहज पाहता येईल अशी जागा आहे की नाही, हे संच घेण्यापूर्वीच विचारावे.

तिसरा मार्ग आपल्या बाजारात फार दिसतो, आणि त्यापासून दूर राहावे असे माझे स्पष्ट मत आहे. मोटारसायकलचा जुना कॅलिपर आणावयाचा, लोखंडी पट्टी कापून ती फोर्कला वेल्डिंगने जोडावयाची, आणि जमेल ती चकती बसवावयाची. मिस्त्री म्हणतो, “मास्तर, पक्कं काम आहे, काही होणार नाही.” त्याच्या हेतूविषयी शंका नाही, पण हिशेब पाहावा. स्कूटर आणि स्वार मिळून १७५ किलो धरले आणि मध्यम जोराने ब्रेक लावला, तर पुढच्या टायरपाशी सुमारे ४५ किलोंची ओढ लागते. चकती चाकापेक्षा पुष्कळ लहान, म्हणून तोच पीळ पेलताना सुमारे २० सेंटिमीटरच्या चकतीवरील कॅलिपरला शंभर किलोंहून अधिक ओढ सोसावी लागते. दर थांब्याला ही सारी ओढ त्या वेल्डिंगच्या शिवणीवर येते. व्हेस्पा आणि बजाजचा फोर्क एका अंगाने चाक धरतो. दुसरी बाजू सावरायला नाही. ती शिवण सुटली तर चाक अडकते, आणि स्वार पुढे फेकला जातो.

कोणताही मार्ग घेतला, तरी मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर हे जोडीने घ्यावेत. कॅलिपरच्या दट्ट्याचा व्यास मास्टरच्या दुप्पट असेल, तर जोर चौपट होतो, पण दट्ट्या सरकतो एकचतुर्थांशच. तेव्हा कॅलिपर फार मोठा घेतला तर दांडी मुठीला टेकते आणि ब्रेक लागत नाही. मास्टर फार मोठा घेतला तर दांडी दगडासारखी कठीण होते. बाजारातून एक भाग इथला आणि एक तिथला आणणाऱ्याला हा मेळ नशिबानेच साधतो.

एक स्वर चढविला की

दरबारी वादकाच्या घरात वाढल्यामुळे एक गोष्ट माझ्या कानावर लहानपणापासून पडली : जाड तार चढवायची तर आधी घोडी, तबली आणि खुंटी पाहा. नाहीतर तार राहील आणि वाद्य जाईल. ब्रेकचेही तसेच.

ब्रेक चाक थांबवितो, गाडी थांबवितो तो टायर. टायरच्या कडेला चार अंकी खूण असते. २३१९ असे लिहिले असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. वर्षानुवर्षे जिन्याखाली उभ्या असलेल्या गाडीचा टायर नक्षी शाबूत असूनही लाकडासारखा कडक होतो. अशा टायरवर उत्तम डिस्क लावणे म्हणजे घसरण्याची अधिक चांगली सोय करणे होय. पुढचा शॉक ॲब्सॉर्बर मेला असेल, तर नव्या ब्रेकने गाडीचे नाक जमिनीकडे जाईल. स्टिअरिंगचे बेअरिंग आणि फोर्कचे बुश ढिले असतील, तर हँडल थरथरेल. या सर्वांचा खर्च डिस्कच्या खर्चात आधीच धरावा. पैसे कमी पडत असतील, तर आधी टायर आणि शॉक ॲब्सॉर्बर घ्यावेत.

ब्रेक तेलाची निगाही नवी असते. ते हवेतील ओलावा शोषते आणि ओलाव्याने त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे. डब्यावर डॉट ४ असे लिहिले असेल त्यात सिलिकोनचे डॉट ५ मिसळू नये. डॉट ४ चा थेंब रंगावर पडला तर रंग उठतो, तेव्हा हौसेने रंगविलेल्या गाडीपाशी पाण्याचे भांडे आणि फडके तयार ठेवावे. शिवाय जी गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, तिच्या कॅलिपरचे दट्टे आतून गंजून धरतात. ड्रमला विश्रांती मानवते, डिस्कला रियाज लागतो.

रियाज स्वारालाही लागतो. ज्याचा हात दुबळ्या ड्रमवर बसला आहे, तो सवयीने मूठ आवळतो. डिस्कवर तशी मूठ आवळली तर पुढचे चाक जागीच अडकेल, आणि तो जुना उपदेश खरा ठरेल. पुढचा ब्रेक हा खटका नव्हे, मींड आहे. आधी हलका स्पर्श, भार पुढे झुकेपर्यंत क्षणभर धीर, आणि मग वाढता दाब. मागचा ब्रेक संगतीला असावाच. मोकळ्या मैदानात, कोरड्या जमिनीवर, वीस-पंचवीसच्या वेगाने ही सवय करून घेतल्याखेरीज गर्दीत जाऊ नये.

कुणी काय करावे

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या नोंदलेल्या तपशिलाला बाधा आणणारा फेरफार करू देत नाही, तेव्हा काम काढण्यापूर्वी आर.टी.ओ. आणि विमा कंपनी यांना लेखी विचारणे शहाणपणाचे. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने स्वतंत्र नोंदणी सुरू केली, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. त्यासाठी वाहन मूळ रूपात असावे लागते, आणि असे वाहन रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

या नियमामागे जो भेद आहे तोच आपल्या निवडीलाही लागू पडतो. जुने वाद्य दुरुस्तीला आले, की जाणता कारागीर पहिला प्रश्न करतो : “हे वाजवायचे आहे की जपायचे?” दोन्ही उत्तरे मानाची आहेत. जी स्कूटर दसऱ्याला हार घालून बाहेर निघते आणि चौकातून एक फेरी मारून परत येते, तिचा ड्रम नीट करून तसाच ठेवावा. ती पणजोबांची पगडी आहे, तिला नवी शिवण नको. जिच्यावर घरचे मूल रोज कॉलेजला जाते, पावसात जाते, मागे मैत्रिणीला किंवा बहिणीला बसवून जाते, तिला चांगला टायर, चांगला शॉक ॲब्सॉर्बर आणि जुळलेल्या संचाचा डिस्क ब्रेक, या क्रमाने, अवश्य द्यावा. जुना फोर्क, हब आणि मुखवटा मात्र भंगारात घालू नये. तेल लावून, कापडात गुंडाळून, माळ्यावर ठेवावा. पुढे कधी नातवाला ती गाडी पुन्हा मूळ रूपात आणावीशी वाटली, तर त्याला तो हाताशी मिळेल.